निवृत्ती की व्याधी? संप्रेरक-उपचारांचा इतिहास

स्त्रीची पाळी कायमची थांबते त्या अवस्थेला पुस्तकी मराठीत रजोनिवृत्ती म्हणतात. घरात हा शब्द फारसा कोणी उच्चारीत नाही. पूर्वीच्या बायका 'कावळा शिवायचा बंद झाला' म्हणत, किंवा 'पाळी गेली' एवढ्यावर विषय संपवीत. ज्या घरांत महिन्याचे तीन-चार दिवस बाजूला बसावे लागे, तेथे देवघर आणि स्वयंपाकघर पुन्हा खंड न पडता हाती येणे हा या अवस्थेचा एक लाभच होता. सुश्रुतसंहितेत पाळी सुरू होण्याचे वय बारा आणि थांबण्याचे पन्नास सांगितले आहे. शरीर जरेने पक्व झाले की रज क्षीण होते, असे तिचे म्हणणे. म्हणजे तेथे ही गोष्ट रोग म्हणून नव्हे, वयाचा क्रम म्हणून आली आहे.

गेल्या सव्वाशे वर्षांत या क्रमाकडे पाहण्याची दृष्टी अनेकदा पालटली. कधी ती उणीव ठरली, कधी रोग, कधी औषधाची बाजारपेठ, तर कधी औषधापासून दूर राहण्याचे निमित्त. हा पालट कसा घडला, त्यामागे कोणते पुरावे होते आणि कोणते नव्हते, हे वाचकांपुढे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे. विषय वैद्यकाचा असला तरी प्रश्न वैद्यांपुरता नाही. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या कोणत्याही घराला तो आज ना उद्या भेटतो.

गंमत अशी, की स्त्रियांसाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या या उपचाराची सुरुवात एका वृद्ध पुरुषाच्या हौसेतून झाली. १ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळापुढे शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हे ७२ वर्षांचे नामवंत शरीरशास्त्रज्ञ उभे राहिले. कुत्रा व गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि आपली ताकद, भूक व बुद्धीचा उत्साह परतला, असे त्यांनी सांगितले. ययातीने पुत्राकडे तारुण्य मागितले, च्यवनाला ते अश्विनीकुमारांनी दिले. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन आणि वाजीकरण ही दोन अंगे स्वतंत्र आहेत. तेव्हा ही इच्छा आपल्याला नवी नाही. नवे होते ते तिला लाभलेले प्रयोगशाळेचे रूप. प्रत्यक्षात त्या अर्कात फारसे काही नसणार. पुरुष-संप्रेरक पाण्यात जेमतेम विरघळते, आणि वृषण ते साठवूनही ठेवीत नाहीत. म्हाताऱ्याला जाणवलेला जोम हा त्याच्या श्रद्धेचा असला पाहिजे.

तरीही लोकांनी विश्वास ठेवला, आणि त्याला आधारही मिळाला. १८९१ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी थायरॉइडच्या विकाराने सुजून मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या त्याच ग्रंथीचा अर्क दिला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. एक ग्रंथी कमी पडली तर बाहेरून भरून काढता येते, हे यातून सिद्ध झाले. मग प्रत्येक ग्रंथीचा अर्क का चालू नये, असा तर्क सुरू झाला. एका आजारातील खरे यश दुसऱ्या ठिकाणच्या आशेला जामीन राहिले, आणि या इतिहासात असे पुढेही घडले.

१९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. मुळातल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ चालना देणे, चेतवणे. आपला 'संप्रेरक' हा शब्द त्या अर्थाशी इतका एकनिष्ठ आहे, की परिभाषा घडवणाऱ्यांना दाद द्यावी. पण रासायनिक द्रव्य हाती यायला आणखी वेळ लागला. १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी उंदरांवर बीजांडकोशातील द्रव्याची परीक्षा करण्याची रीत बसवली. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीतील आडोल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे पहिले स्त्री-संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. पुरुष-संप्रेरकाच्या शोधात बुटेनांट यांनी १९३१ मध्ये पोलिसांचे सुमारे १५,००० लिटर मूत्र आटवले, तेव्हा १५ मिलिग्रॅम द्रव्य हाती आले. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन मिळवले. त्याच वर्षी बुटेनांट आणि झुरिकचे लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. नाझी सरकारने बुटेनांट यांना ते घेऊ दिले नाही.

याच काळातील एक शोध मात्र मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९३४ मध्ये बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवले, की स्त्री-संप्रेरक विपुल प्रमाणात आढळते ते घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रात! एक द्रव्य बाईचे आणि एक पुरुषाचे, ही सोयीची वाटणी निसर्गाला मान्य नव्हती. दोन्ही द्रव्ये दोघांच्याही शरीरात असतात, फरक प्रमाणाचा. नावे मात्र तीच चिकटून राहिली, आणि नावांबरोबर कल्पनाही: 'स्त्रीत्व' गोळीत भरता येते आणि 'पुरुषत्व' सुईतून देता येते.

गोळी आली ती घोडीकडून. गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनांची प्रेमरिन ही गोळी कॅनडात १९४१ मध्ये आणि अमेरिकेत १९४२ मध्ये विक्रीस आली. तिचे नावच गाभण घोडी व मूत्र या इंग्रजी शब्दांची अक्षरे जोडून बनले आहे. अंगातून अचानक वाफ उसळणे, रात्री घामाने चिंब होणे, झोप मोडणे, योनीचा कोरडेपणा यांनी हैराण झालेल्या स्त्रियांना तिने खरा आराम दिला. हा आराम कल्पित नव्हता, आणि पुढच्या सर्व वादांत तो कोणी खोटा ठरवू शकलेले नाही.

अतिशयोक्ती पुढे आली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि धडाक्याने खपले. पाळी जाणे हा मधुमेहासारखा उणिवेचा रोग आहे, आणि औषध न घेणारी स्त्री आपले स्त्रीत्वच गमावते, असा त्याचा सूर. त्रास असेल तर औषध, ही भूमिका मागे पडली. वय झाले म्हणून औषध, ही पुढे आली. विल्सन यांना औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, ही गोष्ट पुढे उजेडात आली. पण केवळ पैशाने पुस्तक खपत नाही. म्हातारपणाची भीती आणि नवऱ्याच्या नजरेतून उतरण्याची भीती बाजारात आधीच होती. विल्सनने तिला वैद्यकाची भाषा दिली.

पहिला धक्का डिसेंबर १९७५ मध्ये बसला. अमेरिकेतील दोन अभ्यासांनी एकाच वेळी दाखवले, की नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी पटीने अधिक होतो. कारणही समजण्यासारखे होते. इस्ट्रोजेन अस्तर वाढवते, आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालते. लगामाशिवाय वाढ सुरू राहिली. मग दोन्ही द्रव्ये जोडून देण्याची पद्धत आली. तेव्हापासून नियम असा: जिचे गर्भाशय शाबूत आहे तिला दोन्ही, जिचे काढले आहे तिला एकटे इस्ट्रोजेन.

१९८० नंतर नवी आशा उगवली. हजारो परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत असे दिसले, की संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो. गंमत म्हणजे १९८५ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात हा निष्कर्ष आणि त्याच्या नेमका उलट, फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीचा निष्कर्ष, शेजारी शेजारी छापले गेले. डॉक्टरांना पहिला पटला. पण औषध घेणाऱ्या स्त्रिया साधारणपणे अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या, प्रकृतीला जपणाऱ्या होत्या. त्यांचे हृदय औषधाने राखले की राहणीने, हे पाहणीवरून सांगता येत नव्हते. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यायची, असा प्रयोग हवा होता.

तो 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या नावाने १९९१ पासून अमेरिकेत उभा राहिला. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रमुखपदी प्रथमच एक स्त्री, बर्नडीन हीली, आल्यानंतर हे घडले, हे योगायोगाने नव्हे. दोन्ही संप्रेरकांच्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया होत्या. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनंतर, ती मुदतीआधीच थांबवण्यात आली. हृदयाचे रक्षण तर दिसले नाहीच, उलट अपाय दिसला. वर्तमानपत्रांत मथळा झळकला: स्तनाचा कर्करोग शेकडा २६ टक्क्यांनी वाढतो. जगभर स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या.

हा आकडा खोटा नव्हता, पण अपुरा होता. वर्षभरात १०,००० स्त्रियांमागे पोकळ गोळी घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाच्या ३० घटना, औषध घेणाऱ्या गटात ३८. म्हणजे आठ अधिक. पक्षाघात आठ अधिक, हृदयविकाराच्या घटना सात अधिक. खुब्याचे हाड मोडणे पाच कमी, मोठ्या आतड्याचा कर्करोग सहा कमी. 'शेकडा २६' आणि 'दहा हजारांत आठ' ही एकाच गोष्टीची दोन वाक्ये आहेत. पहिले ऐकून माणूस घाबरतो, दुसरे ऐकून विचार करतो. त्या वर्षी बहुतेक स्त्रियांच्या कानी फक्त पहिले पडले.

दुसरी गोष्ट वयाची. चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. अनेकींची पाळी जाऊन दहा वर्षे उलटली होती. पन्नाशीत अंगाची आग होते म्हणून औषध मागणारी स्त्री ती नव्हे. नंतरच्या विश्लेषणांतून असे दिसले, की साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू करणाऱ्यांत धोका कमी असतो. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांच्या, एकट्या इस्ट्रोजेनच्या चाचणीत पक्षाघात वाढला, पण स्तनाचा कर्करोग वाढला नाही. २०१७ मध्ये १८ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्युदरात फरक आढळला नाही. २००३ मध्ये अमेरिकी औषध-खात्याने या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच खात्याने तो काढण्याची प्रक्रिया जाहीर केली. लंबक पुन्हा परतू लागला आहे. आणि इतिहास जाणणाऱ्याने याच वेळी सावध असावे, कारण १९६६ चा उत्साहही असाच होता.

पुरुषांची कहाणी वेगळी. त्यांच्यात पाळी जाण्यासारखी कडेलोटाची घटना नाही. टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एखाद्या टक्क्याने हळूहळू उतरते. तरी १९४५ मध्ये पॉल डी क्रुइफ यांच्या 'द मेल हॉर्मोन' या पुस्तकाने त्याची महती गायिली. पण त्याआधी, १९४१ मध्येच, चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले होते की प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग वृषण काढल्यावर आक्रसतो. या भीतीने उपचार बराच काळ मर्यादित राहिला. एकविसाव्या शतकात जाहिरातींनी तो पुन्हा वर काढला. थकवा, चिडचिड, सुटलेले पोट या सर्वांना एकच कारण सापडले. २०१५ मध्ये अमेरिकी खात्याला बजावावे लागले, की केवळ वयाने उतरलेल्या पातळीसाठी हे औषध मंजूर नाही. २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत हृदयविकाराचा धोका वाढला नाही. मात्र हृदयाची लय बिघडणे आणि फुप्फुसात रक्ताची गाठ अडकणे अधिक दिसले. खरी उणीव असलेल्याला उपचार उपयोगी आहे. 'म्हातारचळ' या आपल्या शब्दात मात्र ज्या हौसेची चेष्टा आहे, तिच्यावर तो उतारा नव्हे.

आता आपल्याकडे पाहू. पाश्चात्त्य देशांत हा वाद अतिवापराचा झाला. आपल्याकडचे दुखणे निराळे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. शासनाच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायका होत्या. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर पाळीच नव्हे, संप्रेरकांचा झराच एका दिवसात आटतो. पन्नाशीला हळूहळू येणारे तिशीत एकदम येते आणि हाडे व हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते. ज्या स्त्रियांना नैसर्गिक वयापर्यंत हे औषध द्यावे यावर वैद्यकात सर्वांत कमी मतभेद आहे, त्या याच. कोयता घेऊन फडात परतलेल्या बाईला हे कोणी सांगितले असेल काय?

म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष 'औषध घ्या' असा नाही आणि 'घेऊ नका' असाही नाही. ज्या स्त्रीची झोप महिनोन् महिने मोडली आहे तिने ती सोसत राहावी, याला पुण्य म्हणण्याचे कारण नाही. जिला काही त्रास नाही तिला केवळ वय झाले म्हणून रोगी ठरवण्याचेही कारण नाही. मधल्या जागी निर्णय करायचा तर तिला चार प्रश्न विचारता आले पाहिजेत: माझे वय आणि पाळी गेल्याची वर्षे किती, गर्भाशय आहे की नाही, घराण्यात व मला कोणते आजार, आणि तुम्ही सांगता तो धोका किती हजारांत किती. हे प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि ते विचारता येतील अशी भाषाही लागते. रजोनिवृत्ती, संप्रेरक, बीजांडकोश हे शब्द पुस्तकांत आहेत. दवाखान्यात, माजघरात आणि नवरा-बायकोच्या बोलण्यात ते अजून पोचायचे आहेत. साहित्याच्या संस्थेने हा विषय आपला मानावा तो एवढ्यासाठी.