खवट न होणारे मलम

इसब झालेली त्वचा पाणी धरून ठेवू शकत नाही. म्हणून तिला तेल व पाणी दोन्ही पुरवावी लागतात. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावे सांगितले जाणारे ‘कोल्ड क्रीम’ मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी यांचेच होते. मात्र त्यातले पाणी सुटे, तेल खवट होई, आणि खवट तेलाने सोललेली कातडी अधिकच चुरचुरे.

या कोड्याचे उत्तर मेंढीच्या लोकरीत दडलेले होते! रसायनशास्त्रज्ञ इझाक लिफ्शुट्झ यांनी लोकरीच्या चरबीतून ‘ऑयसेरिट’ मिळवले. त्याच्या योगे खवट न होणाऱ्या खनिज तेलात पाणी टिकून राहू लागले. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी त्याचे मोल ओळखून उद्योजक ऑस्कर ट्रोप्लोवित्झ यांचे लक्ष तिकडे वेधले. १९११ साली त्यातूनच निव्हिया क्रीम बाजारात आले.

पण बाजारासाठी त्यात सुगंध मिसळला गेला, आणि इसब असलेल्यांपैकी अनेकांना नेमका तोच सोसत नाही. तेव्हा आजही डबीवरील नावापेक्षा घटकांची यादी वाचावी, बिनसुगंधी घट्ट क्रीम निवडावे आणि स्नानानंतर ओलसर अंगावरच लावावे. लोकरीच्या चरबीचीही काहींना ॲलर्जी असते. म्हणून नवे क्रीम आधी हातावर थोडेसे लावून काही दिवस पाहावे.