मेलेल्या झाडांचा हिशेब

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. २०२४च्या दिवाळीत वाशीमकडे गावी गेलो होतो, तेव्हा आजोबांची जुनी वही हाती लागली. १९९४ सालच्या एका पानावर धुऱ्यावरच्या झाडांची यादी. आंबा, कडुनिंब, मोह, बाभूळ... एकूण २३. वही घेऊनच शेतात गेलो. १४ उभी आहेत. एकही तोडलं नाही, असं काका शपथेवर सांगतात. मग नऊ गेली कुठे? "वाळली," म्हणाले. कधी, कशानं, कुणालाच आठवेना.

तोडलेल्या झाडाची नोंद होते, भांडणही होतं. वाळलेल्याचं काहीच नाही.

हा हिशेब आपल्याकडे फार पूर्वी सुरू झाला होता. १८५६ साली डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनांचा अधिकारी झाला. दमट जंगलात कागद-पेन्सिल टिकेना. मग हा हत्तीवर बसून, डाव्या हातात चार काठ्या धरून, चाकूनं खाचा पाडत झाडं मोजायचा. घेराच्या प्रत्येक गटाला एक काठी! सहा फूट घेराचं झाड तोडण्याजोगं. त्याहून लहान झाडं त्या घेराला पोचायला किती वर्षं, आणि वाटेत किती मरतील, हे वजा करूनच तोड ठरवायची. आज ज्याला मृत्युदराचं मॉडेल म्हणतात, त्याचं बीज इथंच आहे. हाच ब्रँडिस १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

पुढची गोष्ट अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतली, पाइन-फरच्या रानांतली. तिथं आखून ठेवलेल्या ७६ तुकड्यांत झाडं वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा मोजली गेली. २००९ साली फिलिप व्हॅन मँटगेम आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला: जुन्या, निरोगी दिसणाऱ्या रानांतही मरणाचा दर १७ ते २९ वर्षांत दुप्पट होतोय. संशय वाढत्या उष्म्यावर आणि पाण्याच्या ताणावर. तहानलेल्या झाडाला पुरेसा डिंक सोडता येत नाही, मग सालीत शिरणारा भुंगा बाहेर ढकलला जात नाही. २०१० ते २०१७ या काळात एकट्या कॅलिफोर्नियात १२ कोटींहून जास्त झाडं मेली.

दुप्पट म्हणजे काय, ते साध्या गणितानं बघा. वर्षाला शंभरात एक झाड मरत असेल, तर रान निम्मं व्हायला ६९ वर्षं लागतात. दोन मरू लागली की ३४. डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि नातवाच्या वाट्याची सावली मात्र मुलाच्याच हयातीत संपते. (नवी झाडं उगवली नाहीत तर, हे धरून.)

आमच्या धुऱ्याचा दर काढला. वर्षाला दीड टक्क्याच्या थोडा वर. तेवीस झाडांवरून कुणी सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळतं. मॉडेल कळपाचं सांगतं, अमुक आंबा कधी जाईल ते नाही. पण तीस वर्षांत तिथं नवीन एकही लावलेलं नाही, हे कळायला मॉडेल लागत नाही.

गंमत बघा, वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. गुल्म म्हणजे झुडपांची जाळी, झाडोरा. नावातच रान असलेल्या गावचे आपण!

असो. वहीच्या त्याच पानाखाली मी तारीख टाकून १४ झाडं लिहून आलोय. शेजारी एक रकाना कोरा ठेवलाय, नव्या झाडांसाठी. काका, तो पावसाळ्यात भरायचाय.