मालेगावचा वेढा
पेशवाईच्या अस्तकाळी, मे-जून 1818 मध्ये, नाशिक जिल्ह्यातील मोसम नदीकाठच्या, नारोशंकर राजेबहादर यांनी बांधलेल्या भुईकोटास लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेल याने घातलेला वेढा. लंडनच्या भागधारकांना लाभांश वाटणाऱ्या व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीची फौज बाहेर आणि पगारी अरब शिबंदी आत, असा हा, एखाद्या विडंबनपटातच शोभावा असा, उभयपक्षी वेतनाचा संग्राम होता. तथापि धनी पेशवा दुसरा बाजीराव 3 जूनला शरण गेल्यावरही जे तटावरून हलले नाहीत, त्या अरबांचे इमान कंपनीच्या हिशेबी शौर्याहून सरस ठरते, हे मान्य केले पाहिजे. पुढे तोफांच्या भडिमारात दारूकोठाराचा स्फोट होऊन तट ढासळला आणि जूनच्या मध्यास शर्ती ठरवून त्यांनी किल्ला कंपनी सरकारच्या हवाली केला.