पिस्तुलाची पत्र्याची पेटी

पिस्तुलाचा इतिहास लिहिणारे त्याच्या नळीविषयी लिहितात, संशोधकाविषयी लिहितात, कोणत्या लढाईत ते कोणाच्या कमरेला होते तेही लिहितात. मुठीत खालून सरकवायच्या पत्र्याच्या पेटीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तिला मॅगझिन म्हणतात. हा शब्द ऐकून तुम्हांला एखादे मासिक आठवले, तर त्यात वावगे काही नाही. ‘कोठार’ या अर्थाच्या एकाच अरबी शब्दापासून दोन्ही निघाली आहेत.

पेटीची रचना अगदी साधी. पातळ पोलादी पत्र्याची चपटी नळी, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसे उचलून धरणारी पट्टी आणि तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा. गोळी सुटली की पिस्तुलाचा सरकता भाग मागे जातो आणि पुढे येताना वरचे काडतूस नळीत लोटतो. तेवढ्या निमिषात स्प्रिंगने पुढचे काडतूस जागेवर आणले नाही, किंवा पेटी दगडावर पडून कड केसभर वाकली, की उत्तम पिस्तूलही अडलेच म्हणून समजा! पेटी भरून ठेवली की स्प्रिंग मरते, असे पुष्कळजण सांगतात. खरे पाहता चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दबून राहिल्याने फारशी बिघडत नाही; पुन्हा पुन्हा दबणे नि सुटणे, याने ती थकते.

म्हणजे पिस्तुलाआधी पेटी निकामी होणार, हे ठरलेलेच. मग तिचे काय करायचे? दोन सैन्यांच्या रीती पाहा.

जर्मन सैन्याने १९०८ मध्ये गेओर्ग लूगरचे पिस्तूल स्वीकारले. त्याच्या पेटीत आठ काडतुसे मावत. तळाला लाकडी बूच असे. प्रत्येक पिस्तुलाबरोबर दोन पेट्या देत आणि दोहोंवर त्या पिस्तुलाचाच क्रमांक ठोकलेला असे. दुसरीवर ओळखीसाठी अधिकचे चिन्ह. स्प्रिंग इतकी ताठ, की भरताना पट्टी खाली ओढायला एक छोटे हत्यार बरोबर द्यावे लागे. व्यवस्था मोठी नेटकी खरी, पण खंदकातल्या चिखलात ही जोडी टिकावी कशी? आज दोन्ही मूळ पेट्यांसह जुळत्या क्रमांकांचे लूगर संग्राहकांना क्वचितच गवसते आणि गवसले की त्याचा भाव चढतो. १९३०च्या दशकात हेनेल कारखान्याने दुमडून सांधलेल्या पत्र्याऐवजी अखंड नळीची, अधिक टणक पेटी काढली.

अमेरिकेने २९ मार्च १९११ रोजी जॉन ब्राउनिंगचे पिस्तूल स्वीकारले. परीक्षेत त्यातून ६००० गोळ्या झाडल्या होत्या. त्याच्या सात काडतुसांच्या पेटीवर पिस्तुलाचा क्रमांक नव्हता. कोणतीही पेटी कोणत्याही पिस्तुलात बसावी, ही अपेक्षा. सुरुवातीला मात्र तिच्या तळाला दोरी बांधायची कडी असे, घोडेस्वाराच्या हातून ती पडून हरवू नये म्हणून. कडांच्या बाजूला टणकपणासाठी वेगळे ‘पाणी’ दिल्याने पेटी वर फिकट नि खाली काळसर दिसे. पहिल्या महायुद्धाच्या काळात कडी गेली. हरवली? दुसरी घ्या!

माझ्या मते हीच रीत शहाणपणाची. या पिस्तुलाची जागा १९८५ मध्ये बेरेटाच्या एम-९ ने घेतली, तोवर अमेरिकी सैन्यातली पुष्कळशी पिस्तुले दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची किंवा त्याआधीची होती. झिजलेले भाग बदलता येत, म्हणूनच ती इतकी चालली.

पण दुसरी घ्या म्हणताना ती दुसरी कशी आहे, हेही पाहावे लागते. २००३ नंतर इराकमध्ये एम-९ च्या काही पेट्यांनी दगा दिला. गंजू नये म्हणून त्यांना खरबरीत फॉस्फेटचा लेप दिलेला होता, तोही सैन्याच्याच अटींप्रमाणे. वाळवंटाची बारीक धूळ त्या खरबरीत पृष्ठभागावर चिकटे, पट्टी अडके आणि स्प्रिंगला काडतुसे वर ढकलता येत नसत. पिस्तूल साफ केलेले असूनही ऐन वेळी शिपायाच्या हातात काय उरे, याची कल्पना तुम्हीच करा. पुढे वाळू धरून न ठेवणाऱ्या, गुळगुळीत लेपाच्या पेट्या सैन्याला पुरवण्यात आल्या.