रिकिबीपासून हायवे पेगपर्यंत : खानदेशच्या वाटेवर स्वाराच्या पायांचा इतिहास

१/ धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर हल्ली क्रूझर मोटारसायकली नजरेस पडतात. काहींच्या पुढच्या लेग गार्डला दोन्ही बाजूंस छोटे, घडी होणारे दांडे जोडलेले असतात आणि स्वाराचे पाय त्यांवर ऐसपैस पसरलेले असतात. हे दांडे म्हणजे हायवे पेग. वस्तू नवी असली तरी तिच्यामागचा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे : लांबच्या वाटेवर स्वाराने पाय ठेवावेत कोठे?

२/ या प्रश्नाच्या सर्वांत जुन्या उत्तरांपैकी एक भारतातच सापडते. सांचीच्या शिल्पांत घोडेस्वाराच्या पायाचा केवळ अंगठा अडकेल एवढा फास दिसतो. पुणे जिल्ह्यातील भाजे लेण्यातील शिल्पातही अशाच पायाधाराची खूण अभ्यासकांनी नोंदवली आहे. काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांचा. अनवाणी स्वाराला एवढा आधार पुरत असे.

३/ थंड प्रदेशातील स्वार जाड जोडे घालत; त्यांना अंगठ्याचा फास निरुपयोगी होता. संपूर्ण पाऊल मावेल अशा रिकिबीचे आरंभीचे पुरावे चीनमधील आहेत. चांगशा येथील इ. स. ३०२ च्या थडग्यातील मृण्मूर्तीवर एकाच बाजूला रिकीब आहे, म्हणजे ती बहुधा घोड्यावर चढण्यापुरतीच असावी. इ. स. ४१५ च्या फंग सूफू याच्या थडग्यात मात्र रिकिबींची जोडी सापडली.

४/ मराठीतील ‘रिकीब’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. ‘पागा’ या शब्दाचे मूळही फारसी ‘पायगाह’ या शब्दात आहे. पाय म्हणजे पाऊल आणि गाह म्हणजे जागा. ज्या शब्दाने मराठ्यांच्या घोडदळाचा तळ ओळखला गेला, त्याच्या मुळाशी पाऊल ठेवण्याची जागा आहे, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

५/ या घोडदळाची दौड खानदेशाने जवळून पाहिली. जानेवारी १६८१ च्या अखेरीस हंबीरराव मोहिते यांच्या सैन्याने बुऱ्हाणपूर लुटले. औरंगाबादेहून निघालेला मोगल सुभेदार खानजहान बहादूर फर्दापूरच्या घाटापाशी रेंगाळला आणि पुढे एदलाबादेकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगराकडे वळला. तेवढ्यात मराठे चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निसटले.

६/ बुऱ्हाणपूर ते साल्हेर हे अंतर सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरांहून अधिक भरते. लूट लादून एवढी मजल मारायची तर घोड्याइतकाच स्वाराचा देहही टिकायला हवा. रिकिबीची चामडी वादी लांब-आखूड करता येते. ती लांब केली की पाय मोकळा सुटतो. आखूड केली की गुडघा दुमडतो, पण रिकिबीवर भार देऊन उठता येते.

७/ १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. त्याच शतकात मुंबई-आग्रा रस्ता लळिंग किल्ल्याच्या पायथ्यावरून धुळ्यात आला. पुढे स्वतंत्र भारतात हा राष्ट्रीय महामार्ग ३ झाला आणि सुरतेकडून जळगाव-भुसावळकडे जाणारा महामार्ग ६ त्याला धुळ्यातच छेदू लागला. आज या दुसऱ्या मार्गाचा क्रमांक ५३ आहे.

८/ आता वाहन बदलले. आरंभीच्या अनेक मोटारसायकलींना सायकलसारखे पायडल होते. हार्ले-डेव्हिडसनने १९१४ मध्ये पाय ठेवण्यासाठी सपाट पट्ट्या दिल्या. भारतात १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट लष्कर व पोलिसांच्या सेवेत रुळली. तिच्यावरची बैठक ताठ होती, पाय गुडघ्यांच्या खालीच राहत आणि ब्रेक व गिअर पावलाशी असत.

९/ ‘हायवे पेग’ या नावातच त्याचे जन्मस्थान आहे. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत सरळसोट महामार्गांचे जाळे पसरले. तासन्‌तास गिअर बदलण्याची गरज उरली नाही, तेव्हा पाय पुढे पसरण्याची सोय रूढ झाली. १९७७ च्या हार्ले लो रायडरवर असे पेग कंपनीनेच बसवले होते. १९८० च्या वाइड ग्लाइडवर तर ब्रेक आणि गिअरही पुढे सरकवलेले होते.

१०/ ही बैठक भारतीय मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणण्याचा ठळक प्रयत्न पुण्याच्या बजाज ऑटोने केला. २००१ मध्ये कावासाकी बजाज एलिमिनेटर आली आणि २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजर. त्यांच्या पाठोपाठ लेग गार्डला जोडायचे पेगही बाजारात सर्रास मिळू लागले.

११/ त्यांचा उपयोग कोणता? गुडघा एकाच कोनात तासभर दुमडलेला राहिला की स्नायू आखडतात आणि पायाला मुंग्या येतात. आराम येतो तो विशिष्ट स्थितीमुळे नव्हे, तर स्थिती बदलता येण्यामुळे. वादी लांब-आखूड करण्यामागचा हेतू हाच होता. मात्र पाय पुढे गेले की धडाचा सारा भार कमरेवर येतो, म्हणून अधूनमधून पाय मागे आणणेही तितकेच आवश्यक असते.

१२/ जोडणीतही काही मर्म आहे. लेग गार्ड चेसीला घट्ट हवा. क्लॅम्प नळीच्या जाडीचाच हवा आणि मध्ये रबराची पट्टी हवी. दोन्ही पेग समान उंचीवर, गुडघा किंचित वाकलेला राहील अशा अंतरावर बसवावेत. जमिनीला टेकताच पेग वर-मागे दुमडला पाहिजे. ब्रेक किंवा गिअरच्या वाटेत तो येता कामा नये. पहिल्या प्रवासानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत.

१३/ कायद्याचे भानही हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांहून वेगळे ठरतील असे बदल करू देत नाही. चेसी कापणे वा तिला वेल्डिंग करणे त्यामुळे टाळावेच. मागे बसणाऱ्यासाठी पायाधार असणे तर १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १२३ नुसार बंधनकारक आहे.

१४/ सर्वांत मोठा धोका मात्र जुनाच आहे. रिकिबीत अडकलेले पाऊल पडलेल्या स्वाराला फरफटत नेई. हायवे पेगवर विसावलेले पाऊल मागच्या ब्रेकपासून दूर असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पारोळ्याच्या वळणावर ट्रॅक्टर आडवा आला, तर पाय ब्रेकवर परत येईपर्यंत तेवढे अंतर सरलेले असेल.

१५/ म्हणून मोकळ्या, सरळ रस्त्यावरच पेग वापरावेत. गाव, वळण किंवा गर्दी दिसताच पाय मूळ जागी आणावेत. सांचीच्या शिल्पातील अंगठ्याच्या फासापासून आजवर प्रत्येक पायाधाराने स्वाराला विसावा आणि ताबा यांचा मेळ घालायला लावले आहे. बुऱ्हाणपूरहून साल्हेर गाठणाऱ्या स्वारांना तो साधला होता. त्याच मुलखातून आज जाणाऱ्यांनाही तो साधावा लागतो.