फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर

घरात वस्तू ठेवावयास जागा पुरत नाही, ही तक्रार ऐकू येत नाही असे घर विरळाच. तिची तड गृहिणीनेच लावावयाची, असा जगाचा जुना समज. ती जबाबदारी घर बांधणाऱ्याची आहे असे मानून तिचा उलगडा हजारो घरांत एकदम करण्याचा प्रयोग १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात सुरू झाला.

पहिल्या महायुद्धानंतर तेथे घरांची विलक्षण टंचाई होती. कामगारांची कुटुंबे एकाच खोलीत शिजवीत, जेवीत आणि निजत. १९२५ साली एर्न्स्ट माय यांच्याकडे नगराच्या बांधकामाची सूत्रे आली आणि पुढील पाच वर्षांत दहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. ही घरे लहानच असणार हे उघड होते. आजीच्या काळातील अवजड कपाटे त्यांत मावणार कोठून? तेव्हा फडताळे, मेज, खण हे सारे घराबरोबरच बांधून द्यावयाचे आणि खर्च भाड्यातून वसूल करावयाचा, असे ठरले. आखणीचे काम आले व्हिएन्नाच्या मार्गारेटे लिहोत्स्की यांच्याकडे. त्यांचे वय तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते.

क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेने कारखान्यातील कामाच्या मोजमापाचे शास्त्र घरकामास लावले होते. तिच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद लिहोत्स्कीबाईंच्या वाचनात आला होता. हाती घड्याळ घेऊन त्यांनी प्रत्येक कामास लागणारा वेळ मोजला, पावले मोजली. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या स्वयंपाकघरात एवढ्या प्रवाशांचे जेवण होते कसे, याचाही त्यांनी अभ्यास केला. त्यातून सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशी खोली आकारास आली.

या खोलीची खरी करामत साठवणीत होती. साखर, तांदूळ, डाळी यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण ओळीवर ओळ बसविलेले असत. प्रत्येकास मूठ, टोकास निमुळते तोंड आणि वर जिनसाचे नाव. खण ओढून काढावा आणि त्याच्याच तोंडाने धान्य थेट भांड्यात ओतावे. पळी नको, सांडलवंड नको. (अशा खणास जर्मन भाषेत ‘शुट्टे’ म्हणतात, आणि बाईंनी पुढे विवाह केला तो शुट्टे आडनावाच्या गृहस्थांशीच! हा निव्वळ योगायोग.) पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्यातील टॅनिनमुळे अळ्या दूर राहतात. खिडकीखालच्या मेजास कचऱ्याचा खण जोडलेला, म्हणजे भाजीची सालपटे बसल्या जागी आत लोटता यावीत. ताटल्या ठेवावयाची जाळीच अशी, की धुतलेली भांडी पुसावी न लागता निथळत राहत. इस्त्रीची फळी भिंतीशी दुमडून ठेवता येई. कपाटांना दिलेल्या निळसर रंगावर माशा बसत नाहीत, असे त्या काळी मानीत.

असे सुमारे दहा हजार संच बसविले गेले. पण वस्तूची जागा ठरविणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसरा, यातून कुरबुर निघाल्यावाचून कशी राहील? ज्या घरी तांदूळ क्वचित शिजे, तेथेही तांदळाचा खण होताच. तेव्हा पाटीवर एक नाव आणि आत दुसराच जिन्नस, असे होऊ लागले. खालचे खण लहान मुलांच्या हाती सहज लागत. खोलीत एकाच व्यक्तीस वावरता येई. मुलीने आईस हात लावावा म्हटले तर उभे राहावयास जागा नाही. पुढे १९७० नंतर स्त्रियांच्या चळवळीतील लेखिकांनी आक्षेप घेतला, की या खोलीने बाईचे श्रम वाचविले खरे, परंतु तिला एकटीला कोंडले. आक्षेपात तथ्य आहे. तथापि त्याआधी तीच बाई धुराच्या व अंथरुणांच्या खोलीत दिवस काढी, हे विसरून चालणार नाही.

खुद्द लिहोत्स्कीबाईंनी उतारवयात मोकळेपणाने सांगितले होते, की ही आखणी करण्यापूर्वी आपण कधी संसार चालविला नव्हता, स्वयंपाकही केला नव्हता. स्त्रीने आखले म्हणून ते गृहिणीच्या अनुभवातून आले, असे म्हणणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच पंचाईत झाली. एका स्वयंपाकघरापुरतीच आपली ओळख उरावी, हेही त्यांना रुचत नसे, आणि ते स्वाभाविक होते. १९३० साली त्या माय यांच्याबरोबर सोव्हिएत देशात नवी नगरे उभारावयास गेल्या. १९४१ साली नाझी राजवटीविरुद्ध काम करताना व्हिएन्नात पकडल्या गेल्या आणि १९४५ पर्यंत त्यांनी तुरुंगवास भोगला. २००० सालच्या जानेवारीत, वयाच्या १०३ व्या वाढदिवसास पाच दिवस उरले असता त्यांचे निधन झाले.

फ्रँकफुर्टमधील बहुतेक संच पुढच्या भाडेकरूंनी उखडून टाकले. न्यूयॉर्क व लंडन येथील संग्रहालयांत काही जपून ठेवले आहेत, आणि फ्रँकफुर्टच्याच र‍्योमरस्टाट वसाहतीत एक घर पूर्ववत करून लोकांस पाहावयास खुले केले आहे. तेथे अ‍ॅल्युमिनियमचे ते खण आपापल्या जागी आहेत. आत काही नाही.