रेणुभाराची मोजणी आणि महारेणूंचा वाद

रबराचा रेणुभार प्रथम मोजला गेला, तेव्हा त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १८८९ च्या सुमारास ग्लॅडस्टन व हिबर्ट ह्यांनी विद्रावाच्या गोठणबिंदूत होणाऱ्या घटीवरून ६,००० ते १२,००० असे आकडे काढले; स्टार्चपासून मिळविलेल्या एका पदार्थासाठी ब्राउन व मॉरिस ह्यांना सुमारे ३०,००० हा आकडा मिळाला. मोजणी ढोबळ होती हे खरे. पण आकडे बाजूस सारले गेले ते केवळ त्यामुळे नव्हे. राऊलचा नियम कलिलांस लागू पडत नाही, असे सांगण्यात आले. हे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे पुंजके होत, ही समजूत इतकी दृढ होती की, तिच्याशी न जुळणारे मापनच सदोष ठरले.

ह्या समजुतीस श्टाउडिंगर ह्यांनी १९२० साली झुरिच येथून आव्हान दिले. पुंजके द्विबंधांच्या उरलेल्या आकर्षणाने टिकतात असे मानले, तर द्विबंध नाहीसे करताच ते फुटावयास हवेत. त्यांनी रबरास हायड्रोजन जोडून पाहिला. पदार्थ पूर्वीसारखाच कलिल राहिला. ‘महारेणू’ ही संज्ञा त्यांनी १९२२ मध्ये योजिली. तरीही रबर नीट शुद्ध केल्यास त्याचे स्फटिक होतील व रेणू लहानच ठरेल, असा सल्ला त्यांना वीलांटसारख्या थोर रसायनज्ञाने दिला होता.

उप्साला येथे स्वेडबर्ग ह्यांनी अतिवेगी केंद्रोत्सारकाने हीमोग्लोबिनचा रेणुभार ६८,०००च्या आसपास ठरविला. अमेरिकेत कॅरदर्स ह्यांनी परिचित विक्रियांनीच लांब साखळ्या जोडल्या. त्यांच्या पॉलिएस्टरांपासून बळकट धागा ओढता आला तो रेणुभार सुमारे १०,०००च्या पुढे गेल्यावर.

श्टाउडिंगर ह्यांचे स्वतःचे साधन मात्र साधे होते: केशनलिकेतून विद्राव वाहण्यास लागणारा वेळ. श्यानता रेणुभाराच्या सम प्रमाणात वाढते, हा त्यांचा नियम. त्यामागे साखळी ताठ काठीसारखी असते ही कल्पना. ती टिकली नाही. साखळ्या गुंडाळलेल्या असतात, हे कून ह्यांनी १९३४ मध्ये दाखविले. पुढे मार्क व हाउविंक ह्यांच्या समीकरणात १ ह्या घातांकाऐवजी लवचीक साखळ्यांसाठी सामान्यतः ०.५ ते ०.८ हे मूल्य आले. निष्कर्ष बरोबर, त्याचा आधार चुकीचा, असा हा प्रकार होय; विज्ञानेतिहासात तो वाटतो तितका विरळ नाही. १९५३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ते यथोचितच.

ह्या वादात शब्दांचे अर्थही पालटले. १८३३ साली बर्झीलियस ह्यांनी ‘पॉलिमर’ कल्पिला तो एथिलीन व ब्यूटिलीन ह्यांसारख्या, घटकांचे प्रमाण एकच पण रेणुभार भिन्न अशा संयुगांसाठी. साखळीचा त्याच्याशी संबंध नव्हता. ‘रेणुभार’ हा शब्द तर तसाच राहिला आणि त्यातील एकच निश्चित संख्या नाहीशी झाली. १०,००० व १,००,००० भारांचे रेणू समसंख्येने मिसळले, तर तर्षणदाबावरून मिळणारी संख्या-सरासरी ५५,००० येते. डेबाय ह्यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या प्रकाश-प्रकीर्णनाच्या पद्धतीने मिळणारी भार-सरासरी सुमारे ९२,००० भरते. दोन्ही उत्तरे बरोबर असतात. साखळ्यांची आकारानुसार वाटणी करणारी जेल-क्रोमॅटोग्राफी मूर ह्यांनी १९६४ मध्ये पुढे आणली. तिच्या नेहमीच्या पद्धतीत स्तंभाचे प्रमाणीकरण ज्ञात रेणुभाराच्या नमुन्यांवरून करावे लागते, आणि त्या नमुन्यांचे भार ह्या जुन्या पद्धतींनीच ठरलेले असतात.